खरं रडणारी पाहिजे

"ए, लाल पाटी! विचार काय करतेस? पड."

मी पडले.

हिवाळ्यातली सकाळ होती. भुशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आत एक बंगला आहे, त्याच्या मागच्या पोहण्याच्या टाकीत. लोणावळ्याची थंडी सुट्टीला आलेल्यांना गोड लागते, कारण त्यांच्या अंगात स्वेटर असतो. माझ्या अंगात सुती कुर्ता होता. पडताना गुडघा कडेच्या फरशीवर आपटला. पाण्यातून वर आले तेव्हा गुडघ्यातून रक्त येत होतं. हुकूम सोडणारा तो काठावर उभा होता. डोळ्यांवर गॉगल, हातात कॉफीचा कागदी कप. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. फरशीकडे पाहिलं.

"गुड," तो म्हणाला. "इथे लागतंय. इथे मॅट टाका. उद्या मॅडमना लागायला नको."

मॅट लगेच आली. वेताच्या टोपलीत पांढऱ्या टॉवेलांची चळत ठेवलेली होती. मी हात पुढे केला, तर वॉकी-टॉकी सावरत एक मुलगी धावत आली.

"ते टॅलेंटचे आहेत. प्लीज."

टॅलेंट म्हणजे टीव्हीवर दिसणारी खरी माणसं. मी हात मागे घेतला. ओढणी पिळली आणि तिनंच तोंड पुसलं. ओल्या ओढणीनं तोंड कितीसं पुसलं जाणार? तशीच कुडकुडत उभी राहिले, कारण पुढची उडी बाकी होती.

आता ही पाटी काय, ते सांगते. टीव्हीवर तुम्ही रिअ‍ॅलिटी शो बघता. प्रसिद्ध माणसं एका घरात राहतात, भांडतात, चिखलात लोळतात, रडतात. ती माणसं तिथे येण्याआधी दुसरी माणसं तिथे येऊन तेच सगळं करून गेलेली असतात. शिडी निसरडी आहे का, कॅमेरा कुठे लावायचा, भांडण कुठल्या खोलीत चांगलं दिसेल, हे आधी बघून घ्यावं लागतं. त्याला ते लोक मॉक म्हणतात. मॉकला आलेल्या माणसाच्या गळ्यात पाटी अडकवतात आणि पाटीवर खऱ्या स्पर्धकाचं नाव असतं. माझ्या पाटीवर एका नाचणाऱ्या मुलीचं नाव होतं. मुलींच्या पाट्या लाल, पुरुषांच्या निळ्या. मला माझं नाव तिथे एकानंही विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, गळ्यात होतं की.

आणि मॉकला कुणाला बोलावतात? नटांना. बेकार नटांना. कारण आम्हाला सांगितलं की पडता येतं, सांगितलं की भांडता येतं.

त्याच बंगल्यात काही महिन्यांपूर्वी माझं शूटिंग चालायचं. मालिका होती. लिहिलेली मालिका. हे मुद्दाम सांगते, कारण आता लिहिलेलं म्हटलं की लोकांना खोटं वाटायला लागलंय. त्या बंगल्याच्या दिवाणखान्यात एका कुटुंबाची गोष्ट घडायची आणि मी आधी त्या कुटुंबाची मोलकरीण होते. दुसरं काय असणार? मला टीव्हीत काम मिळालं तेव्हापासून माझ्या हातात केरसुणी नाहीतर चहाचा ट्रे. माझा रंग बघायचे, माझी बोली ऐकायचे आणि केरसुणी शोधायला जायचे. पण त्या मालिकेच्या लेखिकेनं मला एकदा जेवणाच्या सुट्टीत आबांशी, म्हणजे माझ्याबरोबरच्या म्हाताऱ्या नटाशी, वाद घालताना ऐकलं. तिनं गोष्ट फिरवली. ती मोलकरीण चोरून कायदा शिकत होती आणि परीक्षा पास झाली, असं दाखवलं. मी वडगावच्या कोर्टात वकील झाले. काळा कोट अंगावर चढला तेव्हा आरशासमोर मी इतका वेळ उभी राहिले की मेकअपवाल्या ताई म्हणाल्या, "अगं, झिजेल तो."

कोर्टात उभं राहून त्याच घराच्या मालकाविरुद्ध बोलायचा माझा मोठा प्रवेश लिहून झाला होता. मी तो पाठ केला होता. बेगडेवाडीच्या स्टेशनावर गाडीची वाट बघत पुटपुटायचे, तर बाकावरच्या बाया सरकून बसायच्या.

तो प्रवेश झालाच नाही. मालिका बंद केली. आमची वेळ रिअ‍ॅलिटी शोला दिली. शेवटच्या भागात एका बाईच्या आवाजात सांगून टाकलं की पुढे सगळ्यांचं भलं झालं, आणि संपलं. माझ्या वकिलीचं काय झालं ते मलाही ठाऊक नाही.

लोक मला समजावतात. म्हणतात, अगं, त्या शोमुळे पण कामं मिळतात ना! लाइटवाले, गाडीवाले, जेवणवाले. मिळतात. मी कुठे नाही म्हणते? पण मालिका म्हटली की आई लागते, बाप लागतो, शेजारीण लागते, पोस्टमन लागतो, खडूस सासू लागते. लेखक लागतो. एवढ्या माणसांच्या घरात चूल पेटते आणि एवढ्या माणसांना दुसऱ्या कुणीतरी व्हायला मिळतं. रिअ‍ॅलिटीत कोण लागतं? जे आधीच प्रसिद्ध आहेत ते. त्यांना आणखी प्रसिद्ध करायचं. आणि तिथे काही लिहिलेलं नसतं म्हणतात, तो तर शुद्ध चावटपणा आहे. कुणी कुणावर कधी चिडायचं, कुणाची आई कितव्या दिवशी व्हिडिओ कॉलवर येणार, सगळं ठरलेलं. मी ते आधी करून बघितलंय ना, गळ्यात पाटी घालून. फक्त लिहिणाऱ्याचं नाव देत नाहीत आणि नटाला नट म्हणत नाहीत.

आबा माझ्या शेजारीच निळी पाटी घालून उभे असायचे. मालिकेत ते माझे वडील होते. पवन मावळातल्या शेतकरी घरातले, तमाशात वग गाजवलेले, आवाज असा की माइकवाला हात जोडायचा. त्यांच्या पाटीवर एका कुस्तीगीर पोराचं नाव होतं. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला टायर ओढायला लावत होते. मी त्या दिवशी ओल्या कपड्यांत चिडून काही बोलायला गेले, तर त्यांनी माझा दंड धरला.

"पोरी, गप ऱ्हा. हितं तोंड उघडलं की दार बंद हुतंय."

तेवढ्यात तो गॉगलवाला आमच्याकडे आला. तो शोचा क्रिएटिव्ह प्रमुख. त्याला सगळे सर म्हणत. वय माझ्याएवढंच. इतके दिवस त्यानं मला रंगानं हाक मारली होती, पाटीच्या रंगानं. आता एकदम गोड झाला.

"तू इथलीच ना? व्हिलेजमधली? घर आहे तुझं?"

"सोमाटण्याच्या जवळ."

"आई आहे?"

"आहे. गुलाबाच्या पॉलीहाउसमध्ये कामाला जाते."

त्याचे डोळे चमकले. मला वाटलं, गुलाब आवडत असतील.

"वॉव. हातात काटे वगैरे? परफेक्ट. ऐक. आपले स्पर्धक एक दिवस एका गरीब घरात राहतात, असा स्पेशल भाग आहे. तुझं घर घेऊ. तू, तुझी आई. तुझं काम गेलं, आई खचली, ते सगळं. आणि एक सांगू? तू अभिनय सोड. तू अभिनय करायला लागलीस की खोटी वाटतेस. तू आहेस तशी ये. तुझ्यात एक कच्चेपणा आहे, तोच विकला जातो."

मी विचारलं, "आणि पुढे काम?"

"पुढची फिक्शन करू तेव्हा तुझं नाव मी पहिलं देतो. प्रॉमिस."

फिक्शन म्हणजे लिहिलेली मालिका. म्हणजे कोट. म्हणजे कोर्ट. मी हो म्हणाले. ज्यांनी मालिका खाल्ली त्यांच्याच दारात मालिका मागायची वेळ आली होती, आणि मी मागितली.

आईला पटवायला वेळ लागला. ती म्हणाली, "लोकं घरात येऊन काय बगत्यात?" मी म्हणाले, "काही नाही, चहा पितात, दोन शब्द बोलतात, जातात." तिनं भिंतींना रंग दिला. नवीन पडदा शिवला. आमचं घर मला फार आवडतं, हे इथेच सांगते. दोन खोल्या, पक्कं बांधकाम, फरशी, फ्रिज, आणि समोरच्या भिंतीवर दोन फोटो. एक बुद्धाचा, एक निळ्या कोटातला. त्यांच्यावरचा हार आई पॉलीहाउसमधल्या टाकाऊ गुलाबांचा करते. छप्पन साली माझ्या आज्यानं घरातले टाक, देव, देव्हारा सगळं गाठोड्यात बांधलं आणि पवनेत सोडलं. माझी आजी ते गाठोडं डोक्यावर घेऊन चालली होती. आमच्या घरात ही गोष्ट लहानपणी घासाबरोबर भरवली जाते. त्याच घरासमोरच्या अंगणात, फळ्यांच्या स्टेजवर, दरवर्षी जयंतीला नाटक व्हायचं आणि मी तिथेच नटी झाले. न्यायाधीश झाले, सावकार झाले, राजा झाले. वस्तीत कुणी माझा रंग बघून भूमिका दिली नाही.

गाड्या आल्या. आधी त्यांनी सगळ्यांचे मोबाइल एका पेटीत घेतले. मग घर बघितलं आणि त्यांची तोंडं उतरली. घर पुरेसं गरीब नव्हतं.

"फ्रिज बाहेर काढा," तो म्हणाला. फ्रिज बाहेर गेला, त्यावर ताडपत्री टाकली. नवा पडदा काढला. अंगणात तीन दगड मांडले.

आईनं विचारलं, "दादा, ह्ये दगूड कशाला?"

"चूल, मावशी."

"गॅस हाये की आमच्यात."

"गॅस नको. चूल पाहिजे. लोकांना चूल बघायची असते."

आई माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, गंमत आहे. मग आर्टवाला, म्हणजे सेट सजवणारा माणूस, स्टूल घेऊन आला. चपला घालून स्टुलावर चढला आणि त्यानं आधी बुद्धाचा फोटो काढला, मग निळ्या कोटातला. दोन्ही फोटो भिंतीकडे तोंड करून खाली टेकवून ठेवले. हार पडला, तो त्यानं पायानं बाजूला सारला.

आई उठून उभी राहिली. "त्ये फोटू उतरवू नगा."

"मावशी, जरा पॉलिटिकल होतं ते," गॉगलवाला म्हणाला. "फ्रेम न्यूट्रल पाहिजे आपल्याला."

"पॉलिटिकल न्हाई. त्ये आमचं हाये."

तोपर्यंत दोघे जण गाडीतून एक देव्हारा घेऊन आले. लाकडी, नक्षीचा. मी तो ओळखला. आमच्या मालिकेतल्या दिवाणखान्यातला होता. मालिका मेली, तिचं सामान मात्र गावोगाव फिरत होतं. त्यांनी तो आमच्या भिंतीशी लावला, आत मूर्ती ठेवली, समई पेटवली. जे माझ्या आज्यानं नदीत सोडलं ते ह्यांनी टेम्पोत घालून परत आणलं. ह्यांना गरीब म्हटलं की देवासमोर रडणारा एवढंच ठाऊक. कुठल्या घरात आलोय, हे एकानंही विचारलं नव्हतं.

"मावशी, तुम्ही इथे बसायचं. देवासमोर. पोरीचं काम गेलं ते आठवायचं आणि रडायचं. बस्स."

आई तशीच उभी. "कुणाचा हाये ह्यो देव?"

"देव सगळ्यांचाच असतो, मावशी."

"आमचा न्हाई."

बाहेर दोरीच्या पलीकडे सगळी वस्ती उभी होती. आबा पण होते, ते गर्दीतला म्हातारा म्हणून आले होते. ती नाचणारी मुलगी खुर्चीत बसून होती, तिचा मेकअप चालला होता. कॅमेरे लागले होते. माझ्या कुर्त्याला माइक लावलेला होता. तो माझ्याजवळ आला आणि आवाज खाली करून बोलला. माइक चालू आहे, हे त्याच्या लक्षात नव्हतं.

"तू समजाव ना तिला. रडायचंय फक्त. खरं रडायचंय, अ‍ॅक्टिंग नको. तुम्हा लोकांना येतं ना ते."

"तुम्हा लोकांना म्हणजे?"

त्यानं घाईनं कपातला घोट गिळला. "आय मीन, व्हिलेजच्या लोकांना."

माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. राग नंतर आला, आधी उजेड पडला. ह्याला मी नटी नको होते. मी नटी झाले तर मी वकील होईन, न्यायाधीश होईन, ह्याच्यासमोर ह्याच्यासारखी बोलेन. म्हणून मी कच्ची बरी. मी रडावं, ह्यानं ते दाखवावं. ह्याच्या टीव्हीत आम्हाला भूमिका नाही, फक्त अश्रू आहेत. आणि तेही माझ्या आईचे, माझ्या घरात, माझे फोटो भिंतीला टेकवून. ज्याच्यामुळे माझं काम गेलं तोच मला म्हणत होता, काम गेलं म्हणून रड.

मी म्हणाले, "बरं. करते. कॅमेरा चालू ठेवा."

तो खूश झाला. मागे सरकला. "रोलिंग," म्हणाला.

मी अंगणाच्या मधोमध गेले. मेकअपवाल्याच्या खुर्चीवर कुणाचा तरी गॉगल पडला होता, तो डोळ्यांवर चढवला. चहाचा कागदी कप उचलला. मान डावीकडे कलती केली, तो करतो तशी. एक पाय पुढे, टाच थोडी वर. मी त्याला आठवडाभर बघत होते. मी नटी आहे, मला बघण्याचीच सवय आहे.

"ए, काळा गॉगल!" मी ओरडले. त्याच्याकडे बोट करून, त्याच्याच आवाजात. "विचार काय करतोस? रड."

मग दोरीपलीकडे एक पोरगी खिदळली.

"रड ना. खरं रडायचं. अ‍ॅक्टिंग नको. तू अ‍ॅक्टिंग केलीस की खोटा वाटतोस." मी कॉफीचा घोट घेतल्यासारखं केलं, ओठ पुसले, टिचकी वाजवली. "फ्रिज काढा. गॅस काढा. फोटो काढा, न्यूट्रल पाहिजे. हे घर फार घर दिसतंय, घर काढा. मॅडमना लागतंय का? मॅट टाका. म्हातारीला लागलं? गुड, गुड. क्लोज घ्या."

वस्ती हसली. एकदम, मोठ्यानं, पोट धरून. बायांनी पदर तोंडात कोंबले. लाइटवाले हसले, तोंड फिरवून. आबांनी तर गडगडाट केला, त्यांच्या त्या तमाशातल्या आवाजात. त्यांना हसायचं नव्हतं, पण त्यांनाही आवरलं नाही. नाचणाऱ्या मुलीनं ओढणी चावली. मी तिच्यासमोर गेले आणि त्याच्याच गोड सुरात म्हणाले, "मॅडम, टॉवेल घ्या. टॅलेंटचा आहे." ती पण हसली. तेव्हा तो पेटला.

"कट! कट!"

कॅमेरावाल्यानं कॅमेरा बंद करायला चांगलाच वेळ लावला. का लावला, ते मी त्याला कधी विचारलं नाही.

त्याचे कान लाल झाले होते. इतकी लाली मी माणसाच्या कानांवर पाहिली नव्हती आणि मला ती फार आवडली. खोटं कशाला बोलू? मला अजूनही डोळे मिटून ते कान बघायला आवडतात.

"हे कुठेही दाखवलं जाणार नाही," तो म्हणाला. "आणि तू पुन्हा सेटवर दिसलीस तर बघ. कुठल्याच सेटवर."

मी काही बोलायच्या आत आई पुढे आली. ती आर्टवाल्याकडे गेली. समई तिनं स्वतः नीट विझवली, मूर्तीला हातही लावला नाही.

"तुजा देव सांबाळून ने. त्याची काय चूक न्हाई," ती म्हणाली. "मग चपला काढ. आता चढ. आन् जसं व्हतं तसं लाव."

त्यानं गॉगलवाल्याकडे पाहिलं. गॉगलवाला गाडीकडे निघाला होता. आर्टवाल्यानं चपला काढल्या. फोटो लावले. आई खाली उभी राहून सांगत होती, "डावीकडं. अजून थोडं. व्हय." फ्रिज आत आला. मोबाइलची पेटी उघडली. गाड्या गेल्या.

तुम्हाला वाटेल, झालं, जिंकले. काही जिंकले नाही. तो भाग त्यांनी दुसऱ्या गावात केला, दुसऱ्या घरात, दुसऱ्या आईबरोबर. मी तो मोबाइलवर पाहिला. ती माउली खरं रडली. तिच्यामागे तोच देव्हारा होता. खाली लोकांनी लिहिलं होतं, किती खरं, किती खरं. मला मात्र मॉकला बोलावणं बंद झालं. मालिकांचे फोन बंद झाले. एकानं सांगितलं, तुझ्या नावापुढे शिक्का बसलाय. आबांचंही काम गेलं, कारण ते हसले. ते घरी आले आणि ओसरीवर बसून मला बोलले.

"तुज्यापाई माजंबी दार बंद झालं. आता ह्या वयात मी कुटं जाऊ?"

आईनं त्यांना चहा दिला. त्यांनी तो फुंकून संपवला. मग कप खाली ठेवून म्हणाले, "पर त्याची मान तू जरा जास्तच कलती केलीस. तो इतकी कलती करत न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तालमीला बसलो. वस्तीतल्या समाजमंदिरात.

मला सांगतात, राग सोड, मोठी हो, विसर. मी का विसरू? ज्यांना विसरायचं त्यांनी विसरावं, त्यांच्या अंगावर कोरडे टॉवेल आहेत. त्यानं सांगितलं अभिनय सोड. मी सोडणार नाही. मी त्याचाच अभिनय करणार आहे. नाटक लिहून झालंय. होय, लिहिलेलं, शब्द न् शब्द. त्यात तो आहे. त्याची टिचकी, त्याचा कप, त्याचं गुड गुड, तुम्हा लोकांना म्हणून गिळलेला घोट, सगळं मी घेतलंय. ते दाखवलं जाणार नाही, असं तो म्हणाला होता. मी दाखवते आहे. सोमाटण्यात केलं. तळेगावात केलं. लोणावळ्यात करणार, त्याच बंगल्याच्या फाटकाबाहेर रस्त्यावर करणार. आवाज आत जाईल इतक्या मोठ्यानं.

आणि मग पुण्यात, तो राहतो त्या भागातल्या नाट्यगृहात. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची मी त्याच्यासाठी ठेवणार आहे. त्याच्या बायकोसाठी एक, त्याच्या आईसाठी एक. दिवे लागतील, मी मान कलती करून आत येईन आणि सगळं सभागृह आधी माझ्याकडे बघेल, मग त्याच्याकडे. हसतील. त्याची आई हसेल आणि मग तिला कळेल की आपण कुणाला हसलो.

मला त्याची माफी नको आहे. मला तो त्या खुर्चीत पाहिजे.